'झाडपालाच तर आहे' म्हणून ओढलेला गांजा फुफ्फुसांचं काय करतो?

"सिगारेटमध्ये केमिकल असतं, गांजा नॅचरल आहे." रील्सच्या खालच्या कमेंटमध्ये हे वाक्य हमखास दिसतं. कॉलेजच्या कट्ट्यावर, ढाब्याच्या मागच्या बाजूला, एवढंच काय पारावरच्या गप्पांतही ते ऐकू येतं. सोबत पुरावाही दिला जातो, "अमुक बुवा साठ वर्षं चिलीम ओढत होते, त्यांना काय झालं?"

नगरहून आष्टीकडे येताना लागणारं कडा हे बीड जिल्ह्याच्या टोकाचं गाव. २०२२ मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. इथल्या पोरांच्या मोबाइलवर 'गांजा औषध आहे' म्हणणारी परदेशातली रील येते. त्याच मोबाइलवर 'तुरीच्या शेतात गांजाची झाडं सापडली, शेतमालकावर गुन्हा' अशीही बातमी येते. एकीकडे औषध आणि दुसरीकडे गुन्हा. या दोन्हींच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो. गांजाचा धूर छातीत गेल्यावर तिथे नेमकं होतं काय?

या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं आहे, कारण महिनाभर खोकणारा तरुण दवाखान्यात जातो तेव्हा डॉक्टर त्याला "बिडी-सिगारेट ओढतोस का?" असं विचारतात. तो "नाही" म्हणतो. ते खरंही असतं. पण पूर्ण खरं नसतं.

आधी गांजा, चरस आणि भांग यांतला फरक

तिन्ही एकाच झाडापासून मिळतात. झाडाच्या मादी फुलांचे वाळवलेले शेंडे म्हणजे गांजा. झाडाचा चिकट राळेसारखा भाग म्हणजे चरस. आणि पानं वाटून केली जाते ती भांग.

नशा येते ती झाडातल्या टीएचसी या रसायनामुळे. भांग पोटात जाते. तिचे मेंदूवर, मनावर परिणाम होतात, पण फुफ्फुसात धूर जात नाही. गांजा आणि चरस मात्र बहुतेक वेळा ओढले जातात. म्हणून फुफ्फुसांचा प्रश्न मुख्यतः या दोघांचा आहे.

दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी देशभर एक पाहणी केली होती. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार वर्षभरात गांजा, चरस किंवा भांग घेतलेल्यांची संख्या देशात सुमारे ३ कोटी १० लाख होती. त्यातले गांजा किंवा चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. म्हणजे हा चार-दोन 'बिघडलेल्या' पोरांचा विषय नाही.

धूर आत गेल्यावर काय होतं?

तंबाखू असो, गांजा असो की चुलीतलं लाकूड, वाळलेला पाला जळला की धूर होतो. त्या धुरात डांबरासारखा चिकट पदार्थ असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि छातीला चरचरणारी अनेक रसायनं असतात. झाड नैसर्गिक आहे म्हणून त्याचा धूर नैसर्गिक आणि निर्धोक होत नाही.

आपल्या श्वासनलिकांच्या आतल्या भिंतीवर केसांपेक्षाही बारीक तंतू असतात. ते सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ वरच्या दिशेला ढकलत राहतात. घरातला केरसुणीवाला विभागच म्हणा. रोजच्या धुराने हे तंतू झडतात. त्यांच्या जागी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. थोडक्यात कचरा वाढतो आणि झाडणारं कोणी उरत नाही. मग शरीराकडे एकच उपाय राहतो, खोकून बाहेर काढणं.

म्हणून रोज गांजा ओढणाऱ्यांत चार तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात.

- सकाळी उठल्या उठल्या खोकला
- घसा खाकरल्याशिवाय न सुटणारा कफ
- छातीत शिट्टीसारखा आवाज
- सर्दी झाली की ती छातीत उतरणं

वैद्यकीय भाषेत हा श्वासनलिकांचा जुनाट दाह, म्हणजे क्रॉनिक ब्रॉन्कायटिस. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये गांजावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. दीर्घकाळ गांजा ओढणं आणि हा त्रास यांचा संबंध असल्याचे पुरावे भक्कम आहेत, असा निष्कर्ष त्यात आहे.

गांजाचा झुरका सिगारेटसारखा नसतो

"दिवसाला दोनच मारतो, सिगारेटवाले तर पाकीट संपवतात." हा दुसरा नेहमीचा युक्तिवाद. यात चूक कुठे आहे?

गांजा ओढणारा झुरका मोठा घेतो, खोल घेतो आणि धूर आत धरून ठेवतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी गांजा आणि तंबाखू दोन्ही ओढणाऱ्या १५ पुरुषांवर याचं प्रत्यक्ष मोजमाप केलं. तंबाखूच्या तुलनेत गांजाचा झुरका सुमारे दोन तृतीयांशाने मोठा होता. धूर छातीत धरून ठेवण्याचा वेळ चौपट होता. परिणामी छातीत गेलेलं डांबर सुमारे तिप्पट भरलं आणि रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची वाढ सुमारे पाचपट.

कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणजे संख्येने दोन असलेले झुरके छातीच्या हिशेबात दोन नसतात.

आणि धूर कोंडून ठेवल्याने जास्त नशा चढते हा समजही फारसा खरा नाही. टीएचसी फुफ्फुसातून रक्तात फार झटपट उतरतं. जास्त वेळ धरून ठेवलेल्या धुराने वाढतं ते मुख्यतः आत चिकटणारं डांबर.

२००८ मध्ये कॅनडाच्या सरकारी आरोग्य विभागातल्या संशोधकांनी यंत्राने दोन्ही धूर तपासले. गांजाच्या धुरात अमोनिया तंबाखूच्या धुरापेक्षा २० पटींपर्यंत जास्त निघाला. हायड्रोजन सायनाइड तीन ते पाच पट. आणि हा कुठल्या भेसळीचा माल नव्हता. नियंत्रित पद्धतीने पिकवलेला गांजा होता.

चिलमीत फक्त गांजा नसतो

परदेशातलं संशोधन वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिकडे अनेकदा नुसता गांजा कागदात गुंडाळून ओढतात. आपल्याकडे चिलमीत तो सहसा तंबाखूबरोबर मळून भरला जातो. पोरं सिगारेट रिकामी करून भरतात, त्यातही अर्धी तंबाखू परत जातेच.

याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे साधारण एक जण तंबाखू खातो, मळतो किंवा दाताला लावतो. बिडी-सिगारेट ओढणारे मात्र शंभरात सहाच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे तंबाखू बहुतेकांच्या तोंडात असते, छातीत नसते. चिलीम ही तंबाखू छातीत नेते. 'मी सिगारेट ओढत नाही' म्हणणाऱ्याच्या फुफ्फुसात गांजाबरोबर तंबाखूचाही धूर जात असतो आणि निकोटिनची सवय लागते ती वेगळीच. पुष्कळांना गांजा सोडता येत नाही असं वाटतं, तेव्हा अडकवून ठेवणारी गोष्ट निम्मी तंबाखू असते.

मग चिलमीच्या बुडाला गुंडाळलेली ओली छापी? ती धूर थोडा गार करते, राख आणि जाड कण अडवते. वायू तिच्यातून आरपार जातात आणि बारीक डांबरही. छापी पिवळी-काळी पडते म्हणजे ती काहीतरी अडवते हे खरं. पण जे तिच्यावर दिसतं, तेच आतही बसत असतं.

"पण मी अजून पळतो, मला तर काही होत नाही"

इथे प्रामाणिक उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे.

अमेरिकेत ५,००० हून अधिक तरुणांचा २० वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अधूनमधून किंवा बेताने गांजा ओढणाऱ्यांची फुंकर मारण्याची ताकद त्यात कमी झालेली दिसली नाही. तंबाखू ओढणाऱ्यांची मात्र स्पष्ट घटली होती. 'गांजाने फुफ्फुसं मजबूत होतात' अशा रील्सचं मूळ बहुधा अशाच अभ्यासांत असतं.

पण त्याच अभ्यासात फार जास्त ओढणाऱ्यांबद्दल चिंतेची सूचना होती. ज्यांच्यामुळे ठाम काही सांगता यावं असे लोक त्यात थोडे होते, इतकंच.

यापुढचं चित्र न्यूझीलंडमधून आलं. तिथल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार जणांची आयुष्यभर तपासणी होत आली आहे. ते ४५ वर्षांचे झाले तेव्हाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांत हवा फुफ्फुसात अडकून राहण्याचं आणि श्वासनलिका अरुंद झाल्याचं प्रमाण जास्त होतं. ऑक्सिजन रक्तात उतरण्याची क्षमताही कमी झाल्याच्या खुणा होत्या. तंबाखूचा परिणाम वजा केल्यावरही हे चित्र राहिलं.

त्याच वर्षी कॅनडातल्या ओटावामधल्या डॉक्टरांनी ५६ गांजा ओढणाऱ्यांचे छातीचे सीटी स्कॅन पाहिले. ७५ टक्के जणांत एम्फिसीमा, म्हणजे वायुकोशांच्या भिंती फाटून मोठ्या पोकळ्या झालेल्या होत्या. फक्त तंबाखू ओढणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के, काहीच न ओढणाऱ्यांत ५ टक्के. अभ्यास लहान होता आणि गांजा ओढणाऱ्यांतले बरेच जण तंबाखूही ओढत होते. त्यामुळे सगळा दोष एकट्या गांजावर टाकता येत नाही. पण चिलमीत दोन्ही एकत्र असतात, हे लक्षात घेतलं तर ही संख्या आपल्याकडे दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

या फाटलेल्या पोकळ्यांचा धोका कधी कधी अचानक समोर येतो. पोकळी फुटली तर हवा फुफ्फुसाबाहेर, छातीच्या पिंजऱ्यात साठते आणि फुफ्फुस दबतं. एका बाजूला अचानक टोचणारी कळ आणि दम लागणं, असं झालं तर घरी थांबायचं नसतं. थेट मोठा दवाखाना गाठायचा.

गांजा दम्यावर औषध आहे का?

या समजुतीला थोडा आधार आहे. टीएचसीने श्वासनलिका काही वेळापुरत्या सैल होतात, हे १९७० च्या दशकातच प्रयोगात दिसलं होतं. म्हणून दमेकऱ्याला झुरक्यानंतर क्षणभर मोकळं वाटू शकतं.

पण सोबत गेलेला धूर त्याच नलिकांना सुजवतो. मोकळं वाटण्याचा परिणाम थोड्या वेळात जातो, सूज वाढत राहते. दम्यासाठी इनहेलर आहे. त्यात औषध असतं, धूर नसतो.

कॅन्सर होतो का?

२०१७ च्या त्याच आढाव्यानुसार गांजा ओढणं आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा थेट संबंध आकडेवारीत दिसलेला नाही. गांजाच्या धुरात कॅन्सरकारक द्रव्यं आहेत, ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकांतल्या पेशींत बदलही दिसतात. तरीही तंबाखूबद्दल जसं ठामपणे सांगता येतं, तसं इथे सांगता येत नाही. 'गांजाने कॅन्सर होतोच' म्हणणारा फॉरवर्ड पुराव्याच्या पुढे धावतो. आणि 'गांजाने कॅन्सर बरा होतो' म्हणणारा तर पुराव्याच्या विरुद्धच जातो.

तंबाखू मिसळली असेल तर मात्र वादाला जागा नाही. तंबाखूच्या धुराने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो.

एक चिलीम, पाच तोंडं

आपल्याकडे खरी काळजी करायला हवी अशी आणखी एक गोष्ट आहे. ती म्हणजे टीबी.

जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. टीबी पसरतो तो खोकल्यातून हवेत उडालेल्या जंतूंमुळे. बंद खोली, मिटलेली खिडकी, धुराने प्रत्येक जण खोकतोय, चिलीम हातोहात फिरतेय. जंतूला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००३ मध्ये अशी एक साखळी नोंदवली गेली. एका टीबी रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा त्याच्याबरोबर गांजाची एकच नळी वाटून ओढणाऱ्यांना लागण होण्याचं प्रमाण जास्त निघालं.

इथला पेच असा की दोन्हींची लक्षणं सारखी. खोकला, कफ, बारीक होत जाणं. 'ओढल्यामुळे खोकतोय' असं म्हणून तरुण महिने काढतो आणि तोवर घरातल्या लहान पोरांपर्यंत जंतू पोहोचलेला असतो. म्हणून नियम सोपा ठेवावा. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा करण्याची योजनाही आहे.

बीडच्या छातीवर आधीच ओझं आहे

आष्टी तालुक्यातून, सगळ्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. चार-पाच महिने कोपीत मुक्काम, तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक, पाचटाची धूळ, कधी पेटवलेल्या फडाचा धूर. बिडी न ओढताही फुफ्फुसं खराब होतात आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा असतो, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखकासह मांडलं होतं.

लहानपणापासून असा धूर घेतलेल्या छातीवर वीस-बाविसाव्या वर्षी चिलमीचा धूर चढतो. अमेरिकेतल्या अभ्यासातला तरुण आणि कोपीत वाढलेला तरुण यांची सुरुवातच एका रेषेवरून होत नाही. 'तिकडे काही होत नाही म्हणे' हे म्हणूनच इथे लागू पडेल असं नाही.

व्हेप घेतला तर?

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या धडधाकट तरुणांना अचानक धाप लागू लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले. मृत्यूंची संख्या ६८ होती. बहुतेकांनी टीएचसीचं तेल असलेली, चोरट्या बाजारातली व्हेप वापरली होती. तेल पातळ करायला घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. त्यामुळे इथे जे मिळतं त्यात काय भरलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हे सगळं नवं नाही

इंग्रज सरकारने १८९३ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. देशभर फिरून, हजारावर साक्षी घेऊन १८९४ मध्ये त्याने अहवाल दिला. बेताने घेणाऱ्यांना फारसा अपाय होत नाही, असं हा आयोग म्हणाला. म्हणून गांजाच्या बाजूने बोलणारे त्याचा दाखला आजही देतात. पण अति ओढण्याने श्वासनलिकांचा दाह होऊ शकतो, हेही त्याच अहवालात आहे. सीटी स्कॅन नव्हता, स्पायरोमेट्री नव्हती, तेव्हाही खोकला ऐकू येत होताच.

सोडलं तर फरक पडतो का?

पडतो. ड्युनेडिनच्याच गटात ज्यांनी गांजा सोडला किंवा कमी केला, त्यांचा खोकला, कफ आणि शिट्टीचा आवाज कमी झाला. झडलेले तंतू पुन्हा उगवतात, केरसुणी पुन्हा कामाला लागते. एम्फिसीमात फाटलेल्या भिंती मात्र परत जुळत नाहीत. म्हणून 'त्रास व्हायला लागला की सोडू' या हिशेबात तोटा आहे.

पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, भूक मंदावते. साधारण दोन आठवड्यांत हे ओसरू लागतं. एकट्याने जमत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. तंबाखू सोडण्यासाठी वेगळा क्रमांक आहे, १८००-११-२३५६.

डॉक्टरांना सांगितलं तर पोलीस येतील का?

खरी भीती हीच असते. गांजा बाळगणं, विकणं, लावणं आणि ओढणं हे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हे आहेत. गांजा ओढण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण रुग्णाने सांगितलेलं गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. तुम्ही काय ओढता हे तो उपचारासाठी विचारतो. शिवाय याच कायद्यात कलम ६४-अ आहे. नशेच्या आहारी गेलेली व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेली, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत.

कड्याच्या माणसाला आष्टी जवळ आहे, मोठ्या तपासणीसाठी नगर किंवा बीड आहे, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना तीन गोष्टी सांगायच्या. काय ओढतो, त्यात तंबाखू असते का आणि किती वर्षांपासून. यावरून डॉक्टर ठरवतो, की आधी थुंकी तपासायची, फुंकर मारायला लावून स्पायरोमेट्री करायची, की एक्स-रे काढायचा.

आणि घरात कोणी महिनाभर खोकत असेल तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याला दवाखान्यात न्या. ओरडण्याच्या भीतीनेच तो डॉक्टरसमोर "नाही" म्हणतो.